बास गरवताना वर्षभराचं गणित: हवा नको, पाण्याचं तापमान बघा

तंगूस (डॅलस, टेक्सास)

गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, “बाससाठी कुठलं ल्यूर घेऊ?” बास म्हणजे इथल्या तलावांतला शिकारी मासा, ल्यूर म्हणजे नकली आमिष. रांगेत उभ्या उभ्या सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून हा धागा काढतोय.

आमचे आजोबा वेंगुर्ल्याकडे खाडीत गरवायचे. गरीला हात लावायच्या आधी ते तिथी बघायचे. अष्टमीचा भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटी, कुठे, पुनवेचं उधाण कुठे, कुठल्या वेळी कुठल्या खडकावर बसायचं हे सगळं ठरलेलं असे. इथल्या तलावांना भरती-ओहोटी नाही, पण पंचांग आहे. ते म्हणजे पाण्याचं तापमान.

हे कळायला मला तीन हंगाम लागले. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत चार दिवस झकास ऊन पडलं, म्हणून पाण्यावर बुडबुडे काढत चालणारा पॉपर बांधून सकाळभर फेकत राहिलो. काही लागलं नाही. शेजारच्या धक्क्यावर एक वयस्कर गृहस्थ लाल लिपलेस क्रँकबेट (छोट्या माशाच्या आकाराचं, बुडणारं ल्यूर) पाणवनस्पतींतून ओढत होते. त्यांनी तेवढ्या वेळात तीन मासे काढले. निघताना त्यांनी दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यातून वर ओढून मला दाखवला. ५२ अंश फॅरनहाइट. तेवढ्या गार पाण्यात बास वर येऊन क्वचितच तोंड मारतो. दुसऱ्या दिवशी मी पहिली खरेदी केली ती थर्मामीटरची. आकडे पुढे देतोय ते सगळे फॅरनहाइटमध्ये.

५० ते ६०. थंडीत खोल पाण्यात सुस्तावलेला बास आता उथळाकडे निघतो, पण एका दमात येत नाही. तलावाच्या आत शिरलेल्या फाट्यांच्या तोंडाशी, बुडालेल्या ओढ्याच्या वळणावर, जुन्या रस्त्याच्या कडेला थांबत थांबत येतो. माद्यांच्या पोटात अंडी, त्यामुळे भूकही जबर. डॅलसकडे हा काळ साधारण फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात. मोठा मासा हवा असेल तर हेच दिवस. टेक्सासचा राज्यविक्रम १८.१८ पौंडांचा आहे, तो लेक फोर्कमध्ये १९९२ च्या जानेवारीत लागला. राज्याचा शेअरलंकर कार्यक्रम १३ पौंडांच्या वरचे मासे प्रजननासाठी मागून घेतो, तेही १ जानेवारी ते ३१ मार्च याच काळात.

लिपलेस क्रँकबेट हायड्रिला या पाणवनस्पतीच्या शेंड्यांना घासत आणायचं. अडकलं की मनगटाने एक हिसका द्यायचा. ते सुटून पुढे झेपावतं, आणि त्याच क्षणी बास धरतो. लाल रंग चालतो तो क्रॉफिशमुळे, म्हणजे झिंग्याचा तो गोड्या पाण्यातला नांगीवाला भाऊबंद. पाणी नितळ असेल तर जर्कबेट, म्हणजे हिसक्याने चालवायचं लांबट ल्यूर, घ्या. दोन हिसके, मग थांबा. ५० अंशाला मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. आपला हात शिवशिवत असतो आणि मासा मात्र त्या थांबलेल्या ल्यूरकडे बघत असतो.

६० च्या पुढे वीण सुरू. नर दोन-चार फूट पाण्यात शेपटीने वाळू-खडी झाडून परातीएवढं घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नराची. दोन ते पाच दिवसांत अंडी फुटतात, त्यानंतरही पिल्लांच्या काळसर ढगाभोवती बाप फिरत राहतो. या काळाबद्दल माझं मत ठाम आहे. घरट्यावरचा मासा मी गरवत नाही. इथे कायद्याने बंदी नाही. पण बाप दोन मिनिटं बाजूला झाला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंड्यांवर कसे तुटून पडतात हे मी धक्क्यावरून डोळ्यांनी पाहिलंय.

वीण संपल्यावर, पाणी ७० च्या घरात असताना, पहाटेचा तास सोन्याचा. शॅड हे छोटे मासे दगडी बांधांना चिकटून विणीला येतात आणि बास त्यांच्यामागे. आता काढा ती पाण्यावर चालणारी ल्यूर: पॉपर, झारा स्पूक, रबरी बेडूक.

जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी ८५ च्या पुढे जातं आणि तलावाचे थर पडतात. वर गरम, खाली गार, आणि मधल्या पट्ट्यात तापमान झपकन उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. “मग मासा खालच्या गार पाण्यात असेल” असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण खालचं पाणी वरच्यात मिसळत नाही, त्यामुळे तिथला प्राणवायू संपत जातो. मासा त्या पट्ट्याच्या जरा वरच राहतो. सोनार असेल तर त्यावर आडवी धूसर रेघ दिसते, तीच ती. तिच्याखाली शिसं सोडून उपयोग नाही. दहा इंची प्लॅस्टिकचं गांडूळ, कॅरोलिना रिग (वजन पुढे, आमिष त्याच्यामागे दोरीवर), बुडालेल्या उंचवट्यांच्या कडा, किंवा सरळ रात्री जायचं. उन्हाळ्यात मासा पाण्याबाहेर अजिबात रेंगाळवू नका. गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो, दमलेल्या माशाला सावरायला फार वेळ लागतो.

शरद ऋतूत, म्हणजे आता काही आठवड्यांत, शॅडचे थवे फाट्यांच्या पार टोकापर्यंत आत जातील. त्यांच्यामागे जा. स्पिनरबेट, स्क्वेअरबिल ही ल्यूर, परत तेच लिपलेस. मध्ये काही दिवस वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, सगळे थर मिसळतात, पाणी गढूळ आणि वासाचं होतं. त्या आठवड्यात दुसऱ्या तलावावर जा किंवा घरी रीळ साफ करा.

हिवाळ्याचं लव्हाळी ताई लिहितील. त्यांच्याकडचा हिवाळा खरा.

लव्हाळी (मिशिगन)

तंगूसदादा, फार दिवसांनी कोणीतरी नीट लिहिलं.

आमच्याकडे तुमचं सगळं दोन-अडीच महिने उशिरा. बर्फ वितळतो मार्च अखेर ते एप्रिलमध्ये, वीण मे मध्यापासून जूनपर्यंत. म्हणून इंटरनेटवर कोणी “एप्रिलमध्ये हे लावा” लिहिलं की आधी विचारायचं, कुठल्या राज्यात? इथला नियमही वेगळा आहे. पकडून लगेच सोडायला बास वर्षभर चालतो, पण घरी न्यायचा तर बहुतेक पाण्यांत मेमोरियल डेच्या (मे महिन्यातला शेवटचा सोमवार) आदल्या शनिवारपासून ३१ डिसेंबरपर्यंतच, तोही किमान १४ इंचांचा.

हिवाळ्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती कळल्यावर मला सगळं कळलं. पाणी सगळ्यात जड असतं ३९ अंशाला, म्हणजे ४ सेल्सिअसला. म्हणून बर्फाखाली तळाचं पाणी साधारण ३९, आणि वरचं बर्फाला टेकलेलं ३२. आपल्याला खालचं पाणी जास्त गार वाटतं, असतं उलटं. बास त्या तळाशी जवळजवळ हलत नाही. त्याला दिवसाला पोटात फार काही लागतही नाही. छोटं ल्यूर त्याच्या नाकासमोर धरून ठेवायचं आणि बोटभरसुद्धा हलवायचं नाही, एवढीच विद्या. बर्फावर चालण्यासाठी स्वच्छ, पारदर्शक बर्फ किमान ४ इंच हवा. पांढरट, भुसभुशीत बर्फाला हा नियम लावू नका. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मार्चमध्ये कमरेपर्यंत आत गेले होते. गळ्यात बर्फात रोवायचे खिळे होते म्हणून स्वतःला बाहेर ओढू शकले. ते खिळे हजार डॉलरच्या रॉडपेक्षा महत्त्वाचे.

आणि लोक स्मॉलमाऊथला विसरतात! दादांनी लिहिलं तो लार्जमाऊथ बास, हा त्याचा भाऊबंद. सेंट क्लेअर तलावात आम्ही त्याच्यासाठीच जातो. लार्जमाऊथ झाडोऱ्यात दबा धरून बसतो, स्मॉलमाऊथ दगडगोट्यांवर, नितळ पाण्यात हिंडून खातो. बाहेरून आलेला राउंड गोबी नावाचा मासा आता त्याचं मुख्य खाणं झालाय, म्हणून तपकिरी-हिरवट ट्यूब तळाशी घासत आणा किंवा ड्रॉप शॉट लावा. ड्रॉप शॉटमध्ये वजन सगळ्यात खाली, गळ त्याच्या फूटभर वर, त्यामुळे आमिष तळाच्या जरा वर तरंगतं. चार पौंडांचा स्मॉलमाऊथ जसा लढतो तसा सहाचा लार्जमाऊथही लढत नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

नवखा_प्लेनो

धन्यवाद दोघांनाही. माझे दोन प्रश्न. एकच रॉड घ्यायचा तर कुठला? आणि बेटकास्टर रिळावर, म्हणजे फेकताना ज्याचा गोल फिरतो त्या रिळावर, दर चौथ्या फेकीला दोरीची अशी गुंतावळ होते की कात्रीच लागते. माझी आठ वर्षांची मुलगी सोबत असते, तिचा अर्धा वेळ बाबा गुंता सोडवतोय हे बघण्यात जातो.

तंगूस

एकच घ्यायचा तर बेटकास्टर बाजूला ठेवा. सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० मापाचं रीळ, त्यावर १० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे सहा-सात फूट ८ पौंडी फ्लुरोकार्बन. यात वर्षातली बहुतेक कामं होतात. दाट वनस्पती आणि बेडूक तेवढं होणार नाही, त्याला पुढे जाड दोरीचा वेगळा रॉड घ्या.

गुंतावळ होते कारण ल्यूर हवेत मंदावतं पण रिळाचा गोल तेवढ्याच वेगात फिरत राहतो. आधी रिळाच्या बाजूचा छोटा स्क्रू इतका आवळा की ल्यूर स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली येईल आणि जमिनीला टेकताच गोल थांबेल. मग अंगठा. फेकीच्या पूर्ण वेळ अंगठा दोरीला अगदी हलका टेकलेला, आणि ल्यूर पाण्याला लागायच्या आधी दाबायचा. वाऱ्याच्या विरुद्ध फेकू नका. अर्ध्या औंसापेक्षा हलकं ल्यूर सुरुवातीला नको. अंगणात, ल्यूरऐवजी नुसतं वजन बांधून, रोज वीस मिनिटं. दोन आठवड्यांत हात बसतो.

दोरीचं थोडं सांगतो, कारण दुकानात यावरच गोंधळ होतो. आपल्याकडे कोकणात सगळ्याला तंगूसच. इथे तीन प्रकार. नायलॉन ताणतं, त्यामुळे क्रँकबेटला बरं, मासा तोंड मारतो तेव्हा थोडी ढील मिळते. फ्लुरोकार्बन बुडतं आणि पाण्यात कमी दिसतं, पण त्यावर पॉपर बांधलात तर ते पॉपरचं नाक खाली ओढतं. ब्रेड तरंगते, अजिबात ताणत नाही, तळावरचा खडासुद्धा बोटाला कळतो. गाठ पालोमर नावाची. आवळायच्या आधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने दोरी तापून कमजोर होते आणि नेमका मोठा मासा गाठीशीच तुटतो.

मुलीसाठी टेक्सास रिग शिका, झाडाझुडपांत अडकत नाही. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन दोरीत ओवा, मग ऑफसेट गळ बांधा. गांडुळाच्या डोक्यातून टोक पाव इंच आत घालून बाजूने बाहेर काढा. गळ पूर्ण ओढून घ्या, वरचं कोपरं डोक्यात लपेपर्यंत. आता गळ अर्धा फिरवा, गांडूळ त्याच्याशेजारी सरळ लोंबू द्या, टोक जिथे येईल तिथे आरपार घाला, आणि शेवटी टोक प्लॅस्टिकच्या सालीखाली जेमतेम लपवा. गांडूळ सुतासारखं सरळ दिसलं पाहिजे. जरा जरी वाकडं राहिलं तरी पाण्यात भिरभिरतं आणि दोरीला पीळ पडतो. मग टाका, तळाला जाऊ द्या, रॉडचं टोक हळूच वर, पुन्हा खाली. बाइट म्हणजे जोराचा हिसका नव्हे. “टक” अशी एक बारीक टिचकी, किंवा दोरी नुसतीच आडवी सरकू लागते. ढील गुंडाळा आणि मग ओढा.

आणि एक. टेक्सासच्या स्टेट पार्कात काठावरून गरवायला लायसन लागत नाही. १७ वर्षांखालील मुलांना तर कुठेच लागत नाही. तिथूनच सुरुवात करा. मात्र मापाचे नियम तिथेही लागू असतात. लेक फोर्कला कधी गेलात तर लक्षात ठेवा, १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास सोडावाच लागतो.

भीमाकाठ (इंदापूर)

धागा वाचतोय आणि सारखी मरळ आठवतेय. तीही दबा धरून बसते, झाडोऱ्यात. पावसाळ्यात तिची लाल पिल्लं पाण्यावर ताटलीएवढा थवा करून फिरतात आणि खाली नर-मादी राखण करतात. आमच्याकडे काहीजण त्या थव्यातच बेडूक टाकतात, राखणदार चवताळून धरतो. वडील म्हणायचे, त्या थव्यावर गळ टाकू नये. तुमचं घरट्याबद्दलचं वाचून ते आठवलं.

रबरी बेडूक मी पण वापरतो. पण मासा बेडकावर फुटतो आणि गळाला लागत नाही, असं दहात सहा वेळा होतं. काय चुकतं?

दुसरं, आमच्या ग्रुपवर एकजण म्हणतो बासची पिल्लं आणून उजनीत सोडली तर खेळाला मजा येईल. शक्य आहे का?

तंगूस

बेडकाचं आधी. पाणी फुटलं की आपण दचकून लगेच ओढतो. ओढू नका. “एक, दोन” म्हणा, रॉडला वजन लागू द्या, मग पूर्ण ताकदीने. दोरी ५० ते ६५ पौंडी ब्रेडच हवी, नाहीतर मासा वनस्पतीत मान घालतो आणि गुंडाळून बसतो. बेडकाच्या दोन्ही गळांची टोकं पकडीने केसभर बाहेर वाकवा.

बास आणायचं मात्र मनातून काढून टाका. यावर माझ्यापेक्षा बिवाकाठी यांनी लिहावं.

बिवाकाठी (पूर्वी क्योतो, आता पुणे)

लिहितो. सात वर्षं क्योतोत होतो, बरेचसे शनिवार बिवा तलावावर गेले. लार्जमाऊथ बासचा जागतिक विक्रम दोघांच्या नावावर आहे. एक जॉर्ज पेरी, जॉर्जिया राज्यातलं माँटगोमेरी लेक, २ जून १९३२, २२ पौंड ४ औंस. दुसरे मानाबू कुरिता, बिवा तलाव, २ जुलै २००९. त्यांचा मासा औंसभर जास्त भरला, पण जुना विक्रम मोडायला किमान २ औंस जास्त लागतात, म्हणून बरोबरी. जगभरचे लोक ते ऐकून बिवावर येतात.

पण त्याच तलावाच्या काठावर मोठ्या पेट्या ठेवलेल्या आहेत, पकडलेला बास आणि ब्लूगिल त्यात टाकण्यासाठी. शिगा प्रांतात पकडलेला बास पाण्यात परत सोडायला मनाई आहे. जपानमध्ये हा मासा १९२५ मध्ये आशी तलावात हौसेने आणून सोडला गेला, तिथून देशभर पसरला. २००५ पासून तो उपद्रवी परदेशी प्रजातींच्या कायद्याखाली आहे. बिवात पिढ्यान्‌पिढ्या फुनाझुशी करतात, निगोरोबुना नावाचा तिथलाच मासा भातात मुरवून. तो मासा घटला. लव्हाळ्यांची बेटं बुजवली हेही कारण आहे, पण पिल्लं खाणारे बास आणि ब्लूगिल हेही आहे. मी ज्यांच्याकडे राहायचो त्या आजी दर वर्षी म्हणायच्या, यंदा निगोरोबुना अजून महागला.

मला बास मनापासून आवडतो. तो त्याच्या मिसिसिपीच्या खोऱ्यात, तिथल्या तलावांत असावा. उजनीत चिलापीने, म्हणजे बाहेरून आलेल्या तिलापियाने, काय केलं ते भीमाकाठ, तुम्ही रोज बघता.

भीमाकाठ

बघतो. लहानपणी जाळ्यात दहा जातींचे मासे असायचे, आता टोपलीभर चिलापीच. ग्रुपवर तुमचं हे लिहिणं जसंच्या तसं टाकतो.

लव्हाळी

बिवाकाठी, सुंदर लिहिलंत. आमच्याकडचा गोबीही असाच आला, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून. त्यावर स्मॉलमाऊथ जाडजूड झाले म्हणून काही लोक खूष आहेत. मी नाही.

तंगूसदादा, घरट्याबद्दल मात्र मी थोडी वेगळी. वीण चालू असताना मी उथळात जाते, पण घरट्यावर बसलेल्या नराला नाही, आत-बाहेर करणाऱ्या माशांना गरवते. लागला की तिथेच, पाण्याबाहेर न काढता सोडते. अख्खा मे महिना घरी बसायला सांगितलंत तर आमच्याकडे हंगामच उरत नाही.

तंगूस

ताई, तुमच्या उत्तरेतल्या छोट्या हंगामाचं मला कळतं. पाण्याबाहेर न काढता सोडता हे मान्य. पण गढूळ पाण्यात कुठला घरट्यावरचा आणि कुठला वाटसरू हे काठावरून कळत नाही. त्या तीन-चार आठवड्यांत मी फाट्याबाहेरच्या खोल कडेवर जातो. तिथे विणीआधीच्या उशिरा आलेल्या माद्याही असतात आणि वीण संपवून निघालेल्याही. यावर आपलं एकमत होणार नाही, चालेल.

सोडण्याबद्दल नवख्यांसाठी: हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. अंगठा खालच्या ओठात, दुसरा हात पोटाखाली. जड मासा नुसता जबड्यावर आडवा लटकवला तर जबडा दुखावतो. गळ खोल गेला असेल तर ओढाताण करू नका, दोरी तोंडाजवळ कापा. आणि घरी निघताना होडी असेल तर पाणी पूर्ण काढा, कोरडी करा. २००९ मध्ये टेक्सोमा तलावात बाहेरून आलेले झेब्रा शिंपले सापडले, तिथून ते किती तलावांत गेले ते आपण बघतोच आहोत.

नवखा_प्लेनो

सहा आठवड्यांनी लिहितोय. दोन आठवडे अंगणात नुसतं वजन फेकलं, बेटकास्टर अजून पेटीतच आहे, स्पिनिंगवर हात बसला. थर्मामीटर मुलीच्या ताब्यात असतो, ती आकडा वहीत लिहिते. ७९, ७४, ७१, ६६.

काल स्टेट पार्कात फाट्याच्या टोकाला गेलो. पाणी ६४. दोन तास काही नाही. मग वाळलेल्या कमळपानांच्या कडेला शॅड एकदम उसळले, मूठभर नाणी पाण्यावर फेकावी तसे. मुलीने स्वतः टाकलं, टेक्सास रिग, हिरवट गांडूळ, तीन वेळा सरळ करून लावलेलं. ती म्हणाली, “बाबा, दोरी चालतेय.” मला टिचकी कळली नव्हती, तिला दोरी दिसली. ओढायला मी मदत केली नाही.

साडेपंधरा इंच. हात ओले केले, ओठाला धरलं, पोटाखाली तिचा हात. सोडल्यावर तो लगेच गेला नाही, तिच्या बोटांशी क्षणभर कल्ले हलवत राहिला, मग गेला. वहीत तिने लिहिलंय: ६४, सकाळी ९ वाजून १० मिनिटं, कमळाजवळ.